एबीसी खातं म्हणजे कोल्हापूरचा पास नव्हे

गेल्या पंधरा दिवसांत हा मेसेज मला सात जणांनी पाठवला. त्यात एक माझा मेहुणा, एक दूधवाला, आणि एक चक्क कॉलेजात शिकवणारा. विषय एबीसी खात्याचा, म्हणजे मुलानं पेपर पास होऊन मिळवलेल्या क्रेडिटची (श्रेयांकांची) नोंद ठेवणाऱ्या बँकेतल्या खात्याचा. मजकूर थोडक्यात असा: "सीमाभागातील विद्यार्थ्यांना खूशखबर! एबीसी खातं काढा. बेळगावात एक-दोन वर्षं शिका, क्रेडिट आपोआप कोल्हापूरला जमा होतील, पुढच्या वर्षाला थेट प्रवेश. मायग्रेशन नको, एलिजिबिलिटी नको. केंद्राचा नियम असल्यामुळं कुठलंही विद्यापीठ नाही म्हणू शकत नाही. क्रेडिट आयुष्यभर चालतात. जास्तीत जास्त शेअर करा."

मी कॉलेजच्या ऑफिसात एकतीस वर्षं काढली. टीसी, मार्क्स कार्ड, मायग्रेशन (जुनं विद्यापीठ सोडल्याचा दाखला), एलिजिबिलिटी (नव्या विद्यापीठानं पात्र ठरवल्याचा कागद), सगळं याच हातांनी लिहिलंय. शिवाय माझी भाची खानापूर भागातनं बेळगावला येऊन बी.एस्सी. करते आणि पुढच्या वर्षी तिला कोल्हापूरला जायचंय. मेसेज वाचून ती टीसीचा अर्ज लिहूनच माझ्याकडं आली. म्हटलं, बस जरा.

"क्रेडिट आपोआप जमा होतील." होत नाहीत. एबीसी, म्हणजे श्रेयांक बँक, यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2021 साली सुरू केली. खातं डिजिलॉकरमधून निघतं, बारा आकडी नंबर मिळतो, पाच मिनिटांचं काम. पण ही अशी बँक आहे की खातेदाराला स्वतःला भरणा करता येत नाही. क्रेडिट चढवायचे कॉलेजनं आणि विद्यापीठानं. त्यांनी चढवले नाहीत तर खातं कोरं.

आणि चढवताना नाव जुळावं लागतं. भाचीचं नाव 'ज्ञ'नं सुरू होतं. महाराष्ट्रात शिकलेल्या माणसानं तिचं आधार कार्ड भरून दिलं, त्यानं इंग्रजीत डी-एन-वाय असं लिहिलं. एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, मार्क्स कार्डावर कन्नड वळणानं जे-एन आलं. एकच मुलगी, पण कॉम्प्युटरच्या लेखी दोघी. दोन सेमिस्टर होऊन गेली तरी तिच्या खात्यात शून्य. ऑफिसात विचारलं तर उत्तर, "यूयूसीएमएसवर बघा." म्हणजे कर्नाटकातल्या विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या सामाईक पोर्टलवर. यूयूसीएमएसवर तिसरंच स्पेलिंग. कॉलेजचं नाव सांगत नाही. अशा खिडकीच्या आत मीही बसलेलो आहे. सीमाभागातल्या निम्म्या घरांत हा नावांचा घोळ असेल, आणि मेसेजमध्ये त्याबद्दल अवाक्षर नाही.

"कुठलंही विद्यापीठ नाही म्हणू शकत नाही." मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच. बँकेत क्रेडिट आहेत, याचा अर्थ तुम्ही तेवढं शिकलात याची नोंद आहे. समोरच्या विद्यापीठानं ते आपल्या डिग्रीत धरायचे की नाहीत, तुमचा कुठला पेपर त्यांच्या कुठल्या पेपरच्या तोडीचा, हे तेच ठरवणार. शिवाय वर्गात जागा असली पाहिजे ती वेगळीच. बेळगावच्या चन्नम्मा विद्यापीठाचा चार क्रेडिटचा पेपर आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा चार क्रेडिटचा पेपर, आकडा सारखा म्हणून आतला सिलॅबस सारखा होत नाही. कन्नड भाषेचे घेतलेले क्रेडिट तिकडं कुठल्या खान्यात बसवणार, हे विचारून बघा.

एके काळी हा प्रश्नच नव्हता, हे जाता जाता सांगतो. 1933 साली निघालेलं आमचं लिंगराज कॉलेज आणि कोल्हापूरचं राजाराम कॉलेज, दोन्ही मुंबई विद्यापीठाखाली. आता बेळगावला 2010 पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, कोल्हापूरला 1962 पासून आहे, आणि सीमेवरचा कोगनोळीचा नाका ओलांडला की मार्क्स कार्डाचं गुणपत्रक होतं.

एका देशातले क्रेडिट दुसऱ्या देशात नेणाऱ्या युरोपात काय करतात बघा. 1989 पासून त्यांची सामाईक पद्धत आहे, पूर्ण वर्षाचे 60 क्रेडिट. पण विद्यार्थी सेमिस्टरपुरता दुसऱ्या देशात निघाला तरी निघण्याआधी एक करार होतो. तिकडं कुठले पेपर घेणार, इकडं ते कशाच्या बदल्यात धरणार, त्यावर तिघांच्या सह्या: विद्यार्थी, पाठवणारं विद्यापीठ, घेणारं विद्यापीठ. कायमचं शिक्षण बदलायचं असेल तर 1997 च्या लिस्बन कराराचा आधार आहे. मान्यता नाकारायची असेल तर दोन शिक्षणांत ठळक फरक आहे हे नाकारणाऱ्यानं दाखवायचं. आपल्याकडं मात्र आपला पेपर तिकडच्यासारखाच आहे हे मुलानं सिलॅबसच्या झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन सिद्ध करायचं. फरक आहे तो इथं, खात्यात नाही.

"एक-दोन वर्षं शिका." यातलं 'एक' चालेल, 'दोन' नाही. ज्या संस्थेची डिग्री घ्यायची, तिथं निम्मे तरी क्रेडिट मिळवलेले असले पाहिजेत, असं एबीसीच्या नियमातच आहे. तीन वर्षांची डिग्री 120 क्रेडिटची धरली तर 60 तिथले हवेत. बेळगावात दोन वर्षं काढून 80 घेऊन गेलात तर कोल्हापूरला उरतात 40. डिग्री कुणाची म्हणायची? हा हिशोब चौथीचं पोर करेल, पण मेसेज लिहिणाऱ्यानं केला नाही.

"केंद्राचा नियम आहे." शिक्षण 1976 पासून समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या अखत्यारीत, त्यामुळं राज्यालाही म्हणणं असतं. आणि राज्यांचं काय चाललंय? कर्नाटकानं 2021-22 ला देशात सगळ्यात आधी नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण डिग्रीला लावलं, आणि मे 2024 मध्ये आदेश काढून पुन्हा तीन वर्षांच्या डिग्रीवर आलं. महाराष्ट्रात त्याच 2024-25 पासून संलग्न कॉलेजांत नवा आराखडा सुरू झाला. म्हणजे इकडच्यांनी पाटी पुसली तेव्हा तिकडच्यांनी लिहायला घेतली. मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (आवडीनं निवडायचा पेपर) हे तिकडचे रकाने आणि इकडच्या सेमिस्टरचे पेपर समोरासमोर ठेवून जुळवायला कुणीतरी बसायला हवं. दिल्लीचा सर्व्हर ते करत नाही.

"मायग्रेशन नको." हवं. एलिजिबिलिटीही हवी. विद्यापीठ बदललं की हे कागद मागतातच.

"आयुष्यभर चालतात." जास्तीत जास्त सात वर्षं. आणि एकदा सर्टिफिकेट किंवा डिग्रीसाठी वापरले की खात्यातून वजा, पुन्हा वापरता येत नाहीत.

याच मेसेजच्या एका आवृत्तीत खाली "865 गावांतील मुलांना राखीव जागा" असंही जोडलंय. सीमाभागातल्या मराठी मुलांसाठी महाराष्ट्रात प्रवेशाच्या सवलती आहेत, इंजिनिअरिंगला तर प्रवेशाच्या फॉर्मवर वेगळा रकाना आहे. पण त्याचा आणि क्रेडिटचा काही संबंध नाही. दोन्ही एकाच मेसेजात कोंबले की वाचणाऱ्याला वाटतं, एक मिळालं की दुसरं आलंच.

मग क्रेडिट बिनकामाचे, असं मेहुण्यानं लगेच विचारलं. अजिबात नाही. भाचीसारख्यांना यापेक्षा चांगली सोय नाही, फक्त ती अर्धीच बांधलेली आहे. चन्नम्मा आणि शिवाजी, दोन्ही विद्यापीठांनी एकदा बसून निदान बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा समकक्षतेचा तक्ता करावा, कुठला पेपर कशाच्या बदल्यात, आणि तो प्रवेशाच्या आधी लावावा. सीमाप्रश्नावर बोलणाऱ्या पुढाऱ्यांनी निवेदनात ही एक मागणी घातली तरी खूप झालं. त्यात गाव इकडं की तिकडं असला वाद नाही, नुसता तक्ता आहे.

तोवर आम्ही आमच्यापुरतं केलं. तिच्या दोन्ही सेमिस्टरचे सिलॅबस, मार्क्स कार्डांच्या प्रती आणि एक पत्र: यातले कुठले क्रेडिट आपण धरणार, किती पेपर मागचे द्यावे लागतील, लेखी कळवावं. सोमवारी स्पीड पोस्टानं गेलं. आधारवरचं स्पेलिंग दुरुस्तीला टाकलंय. "मामा, टीसीचा अर्ज?" म्हणून ती रोज विचारते. तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, किल्ली माझ्याकडं.