चांदीपुरा व्हायरस २०२४ मध्ये 'बनवला' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पाऊस लागला की आपल्याकडच्या ग्रुपवर तो मेसेज फिरायला लागते, यंदाही आलाच, अन् सोयाबीनचे भाव टाकायच्या ग्रुपवरही लोक तो पुढं ढकलून राहिले. थोडक्यात त्यात असं लिहिलंय की लेकरांच्या मेंदूला सूज आणणारा चांदीपुरा व्हायरस २०२४ मध्ये गुजरातेत लॅबमधून सोडला, व्हायरसची नावं लस विकणाऱ्या कंपन्या ठरवतात, कोरोनाला तीन-तीन नावं दिली म्हणजे शास्त्रज्ञांनाच काही समजत नाही, अन् ढोरांच्या लम्पी आजारात गाईला शेळीची लस टोचून कास्तकाराला फसवलं. शेवटी लिहिलंय, "लेकराला ताप आला तर दवाखान्यात नेऊ नका." ही शेवटची ओळ नसती तर मी एवढं लिहायला बसलो नसतो.

चांदीपुरा हे आपल्या नागपूरजवळचं गाव आहे भाऊ. १९६५ मध्ये त्या गावातल्या तापाच्या दोन पेशंटच्या रक्तात पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरला हा व्हायरस सापडला, त्याच संस्थेला आज एनआयव्ही, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्था, म्हणून ओळखतात. तेव्हा जिथं सापडला तिथलंच नाव द्यायची पद्धत होती, कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलाचं दिलं, युगांडातल्या झिका जंगलाचं दिलं, आफ्रिकेतल्या इबोला नदीचं दिलं. २००३ मध्ये आंध्रात ३२९ लेकरं याच्या साथीत सापडली, त्यातली १८३ गेली. २००७ मध्ये तर आपल्याच नागपूर विभागात साथ आली. मग २०२४ मध्ये बनवला काऊन म्हणता? गावाची बदनामी होते हा राग मात्र खरा आहे, अन् २०१५ मध्ये डब्ल्यूएचओनंही सांगितलं की नव्या आजाराला गाव, देश, माणूस, जनावर यांचं नाव देऊ नका. पण जुनी नावं बरीचशी तशीच चालू आहेत.

आता कंपन्यांचं. व्हायरसचं कूळ अन् प्रजातीचं नाव ठरवते आयसीटीव्ही नावाची शास्त्रज्ञांची आंतरराष्ट्रीय समिती, १९६६ पासून. कोणी प्रस्ताव पाठवला की त्या-त्या कुळाचा अभ्यासगट तो तपासतो, मग मतदान होते. पाहतात काय, तर आत डीएनए आहे का आरएनए, एकपदरी का दुपदरी, पेशीत शिरून आपल्या प्रती कशा काढतो, अन् त्याचा जीनोम, म्हणजे अनुवंशिक माहितीचा सगळा संच, कोणाशी किती जुळतो. सोयाबीनवर येलो मोझॅक आणणारे व्हायरसही याच यादीत आहेत. चांदीपुरा आरएनएवाला, बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, रॅब्डोव्हिरिडी कुळातला. रेबीजही त्याच कुळातला, पण दोघांचा जीनस, म्हणजे कुळातला पोटगट, वेगळा, म्हणून कुत्रं चावल्यावरचं इंजेक्शन चांदीपुरावर चालत नाही. अन् चांदीपुराची लस आजही बाजारात नाही, मग कंपनी विकून काय राहिली ते तरी मेसेजवाल्यानं सांगावं.

कोरोनाचा गोंधळ समजण्यासारखा आहे. कोरोना हे अख्ख्या कुळाचं नाव, १९६८ पासूनचं, म्हणून जंतुनाशकाच्या जुन्या बाटलीवरही ते छापलेलं दिसते. कोविड-१९ हे आजाराचं नाव, ते डब्ल्यूएचओनं दिलं, अन् सार्स-कोव्ह-२ हे व्हायरसचं, ते आयसीटीव्हीच्या अभ्यासगटानं दिलं, २००३ च्या सार्स आजाराच्या व्हायरसशी जीनोम जुळला म्हणून. दोन्ही नावं ११ फेब्रुवारी २०२० या एकाच दिवशी जाहीर झाली. एचएमपीव्ही या सर्दी-खोकल्याच्या व्हायरसचंही तसंच, २०२५ च्या जानेवारीत 'चीनचा नवा व्हायरस' म्हणून बोंब झाली, तो २००१ मध्येच नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी शोधून ठेवला होता.

लम्पीच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण २०२२ मध्ये आपल्या कोठ्यातली ढोरं तडफडताना सगळ्यांनीच पाहिली. अंगभर गाठी, पाय सुजलेले, चारा सोडलेला. तेव्हा डॉक्टर गोट पॉक्सची, म्हणजे शेळीच्या देवीची, लस घेऊन आले अन् लोक म्हणाले, शेळीची लस गाईला कशी? लम्पी, शेळीची देवी अन् मेंढीची देवी हे तिन्ही व्हायरस एकाच जीनसमधले, कॅप्रिपॉक्स, इतके जवळचे की एकाची लस दुसऱ्याविरुद्ध बरंच संरक्षण देते. लम्पीची वेगळी लस हातात नव्हती तेव्हा हे नातं माहीत होतं म्हणूनच कितीतरी जनावरं वाचवता आली. याला फसवणूक म्हणणं मला तरी सहन होत नाही. माणसाची देवी त्याच कुळातली, पण दुसऱ्या जीनसची, अन् लम्पी माणसाला होत नाही.

राहिली ती शेवटची ओळ. चांदीपुरा वाळूमाशीतून पसरतो, म्हणजे सँडफ्लाय, मच्छरापेक्षा कितीतरी बारकी. मातीच्या भिंतीच्या भेगा, कोठ्यातला ओलावा, शेणाचा ढीग, तिथं ती वाढते. भेगा लिंपा, शेण घरापासून दूर टाका, लेकरू मच्छरदाणीत झोपवा. यावर खास औषध नाही, पण झटके थांबवणं, मेंदूची सूज उतरवणं, श्वास सांभाळणं हे दवाखान्यातच होते, अन् यात पोरगं एक-दोन दिवसांतच हातचं जाऊ शकते. पावसाळ्यात लेकराला एकाएकी जोराचा ताप, उलट्या, झटके, सुस्ती असं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, अंगारा-धुपारा करत बसू नका, आशाताईला उठवा, १०८ ला फोन लावा अन् रात्रीच निघा.