भरतीचं वेळापत्रक आधी बघा

लेखात ऐरोलीला रोहित (फ्लेमिंगो) पाहायला 'पहाटेच पोहोचा' असं म्हटलंय. पण ऐरोलीलगतच्या ठाणे खाडीत घड्याळापेक्षा भरती-ओहोटी महत्त्वाची. पूर्ण ओहोटीला पक्षी लांब चिखलावर पांगलेले असतात, दुर्बिणीतूनही नुसते गुलाबी ठिपके. पाणी चढू लागलं की ते काठाकडे सरकतात. चिखल बुडाला की तुतवार, चिखले, पाणटिवळे असे चिखलात चरणारे पक्षी भांडुपच्या मिठागरांवर विसाव्याला जातात. खाडीचा काही भाग 2015 साली अभयारण्य झाला, खाडी 2022 मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आली. मिठागरांकडे मात्र आपण अजून रिकामा प्लॉट म्हणूनच बघतो! आणि कृपा करून, उडतानाच्या फोटोसाठी नावाड्याला बोट थव्यात घालायला लावू नका. लांबच्या प्रवासासाठी पक्ष्यांनी साठवलेली चरबी त्या उडण्यात फुकट जाते.