मुंबई–न्यूयॉर्क : ‘चौदा तासांच्या’ मेसेजमध्ये काय चुकलं आहे

व्हॉट्सॲपवर फिरणारा हिशेब असा : मुंबई–न्यूयॉर्क साडेबारा हजार किलोमीटर, विमानाचा वेग ताशी 900, म्हणजे प्रवास 14 तासांचा. त्यापुढे वेळ लागतो तो कंपन्या उत्तरेकडून उगाच वळसा घालतात म्हणून, आणि परतीला कमी लागतो तो पृथ्वी फिरते म्हणून.

अंतर बरोबर आहे, सुमारे 12,540 किलोमीटर. बाकीचं नाही.

आधी वळसा. भिंतीवरच्या नकाशात दोन्ही शहरांमध्ये पट्टी ठेवून आखलेली रेघ सरळ दिसते, पण त्या रेघेवरून उडालं तर सुमारे 14,200 किलोमीटर पडतात. नेहमीच्या मर्केटर नकाशात 60 अंश अक्षांशावरचं अंतर विषुववृत्ताच्या मानाने दुप्पट ताणलेलं असतं. म्हणून उत्तरेची वाट लांब भासते. 30 सेंटीमीटर व्यासाचा पृथ्वीगोल घ्या आणि दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा. सुमारे साडे-एकोणतीस सेंटीमीटर दोरा लागेल आणि तो रशिया, स्कँडिनेव्हियाकडून जवळजवळ 65 अंश उत्तरेपर्यंत चढेल. उत्तरेकडची वाट हीच जवळची वाट.

मात्र ती जशीच्या तशी मिळत नाही. ती पाकिस्तान आणि रशियावरून जाते. रशियाची हवाई हद्द 2022 पासून अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे. पाकिस्तानने 24 एप्रिल 2025 रोजी भारतीय कंपन्यांना आपली हद्द बंद केली. हद्द टाळली की किलोमीटर वाढतात, इंधन वाढतं, आणि कधी वाटेत इंधनासाठी उतरावंही लागतं.

आता परतीचा वेळ. मुंबईच्या धावपट्टीवर उभं असलेलं विमानही पृथ्वीबरोबर ताशी सुमारे 1,580 किलोमीटरने पूर्वेकडे जात असतं, आणि भोवतालची हवाही. पृथ्वी हवेखालून सरकत असती तर न्यूयॉर्कच विमानाकडे आलं असतं. मग जातानाचा प्रवास छोटा झाला असता. घडतं उलटं. खरं कारण जेट स्ट्रीम : साधारण 30 ते 40 हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणारा वारा, हिवाळ्यात सर्वांत जोरदार. तो पूर्वेकडे वळण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा हात आहे, तेवढाच. फेब्रुवारी 2020 मध्ये ब्रिटिश एअरवेजचं जंबो याच वाऱ्यावर न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोहोचलं.

‘ताशी 900’ हा वेग हवेच्या सापेक्ष असतो, जमिनीच्या नव्हे. समजा प्रत्यक्ष वाट 13,200 किलोमीटरची आणि वारा सरासरी ताशी 60 चा. जाताना 13,200 भागिले 840, म्हणजे सुमारे 15 तास 43 मिनिटं. येताना भागिले 960, म्हणजे पावणेचौदा. शिवाय चढण्या-उतरण्यातला कमी वेग आणि दोन्ही विमानतळांवर जमिनीवर फिरण्यात जाणारा वेळ. वेळापत्रकात छापतात तो गेट सुटल्यापासून गेटला लागेपर्यंतचा.

तिकिटावरून वेळ काढताना दोन्हीकडे स्थानिक वेळ असते हे विसरू नका. रात्री 1:30 ला निघून त्याच तारखेला सकाळी 7:30 ला पोहोचलात तर 6 तासांत फरक मिळवायचा : उन्हाळ्यात साडेनऊ, हिवाळ्यात साडेदहा. परतीला तो वजा करायचा. अमेरिकेत घड्याळं मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी बदलतात. या तारखांच्या आसपास पुढचं विमान पकडायचं असेल तर वेळ पुन्हा तपासा.