सरत्या वर्षाचा आढावा कसा लिहावा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की पांढरपेशा माणसामागे दोन कामं लागतात. गुंतवणुकीच्या पावत्या गोळा करणं आणि सरत्या वर्षाचा आढावा लिहिणं. पावत्यांसाठी सीए आहे. आढाव्याचं मात्र ज्याचं त्याला निस्तरावं लागतं, म्हणून हे मार्गदर्शन.

पहिलं पथ्य म्हणजे नुसतं स्वतःबद्दल लिहू नका. ‘स्कूटरचं कर्ज फिटलं, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, साखर थोडी वाढली’ हे खरं असलं तरी कोण वाचणार? आपलं आयुष्य देशाच्या मांडीला मांडी लावून बसवायचं. त्या दृष्टीने 2024 फार सोयीचं गेलं. 22 जानेवारीला अयोध्येत प्राणप्रतिष्ठा झाली. तुमच्या फ्लॅटची वास्तुशांत फेब्रुवारीत झाली असली तरी ‘त्याच सुमारास’ लिहायला पैसे पडत नाहीत. बिल्डरने ताबा तीन वर्षं उशिरा दिला, हे तिथे काढू नका. पाचशे वर्षांच्या प्रतीक्षेपुढे तीन वर्षं म्हणजे काय!

टी-20 विश्वचषकात तुमचा वाटा होताच, तो ठामपणे मांडा. 29 जून, बार्बाडोस. दक्षिण आफ्रिकेला 30 चेंडूंत 30 धावा हव्या, क्लासेन सुटलेला. अशा वेळी तुमच्या हॉलमध्ये जे निर्णय घेतले गेले त्यांची नोंद इतिहासाने घेतलेली नाही, ती तुम्ही घ्या. काका बाहेर आले की चौकार जातो, हे लक्षात येताच त्यांना बेडरूममध्ये बसवून दार ओढून घेतलं गेलं. वहिनी डाव्या पायावर उभ्या असताना क्लासेन गेला, म्हणून त्यांना तशाच उभ्या ठेवलं. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तरी गॅस बंद करायला कोणी उठलं नाही. सूर्यकुमारने सीमारेषेवर मिलरचा झेल घेतला तेव्हा काका आतून ‘काय झालं, काय झालं’ विचारत होते आणि कोणीही उत्तर दिलं नाही, कारण अजून पाच चेंडू बाकी होते. भारत 7 धावांनी जिंकला. आमटी करपली. आढाव्यात हे सगळं येऊ द्या. मरीन ड्राइव्हच्या मिरवणुकीनंतर रस्त्यावर उरलेल्या चपलांच्या ढिगाचं वर्णन मात्र टाळा, त्यात तुमच्या मेहुण्याचीही एक असू शकते.

निवडणुकांना मात्र हातोटी लागते, कारण 2024 मध्ये जनता दोनदा बोलली आणि दोन्ही वेळा वेगळं बोलली. लोकसभेला राज्यातल्या 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला मिळाल्या; विधानसभेला महायुती 288 पैकी 230 वर गेली. मधे साडेपाच महिने. तुम्ही ज्या बाजूचे असाल त्याप्रमाणे एका निकालाला ‘सुजाण मतदाराचा कौल’ म्हणा आणि दुसऱ्याला ‘खोट्या प्रचाराचा परिणाम’ किंवा ‘ईव्हीएम’. मशीन जूनमध्ये ठणठणीत होतं आणि नोव्हेंबरमध्ये कसं बिघडलं, असं विचारणाऱ्याला उत्तर देऊ नका. संविधान बदलण्याच्या अफवेला जूनमध्ये भुललेला तोच मतदार नोव्हेंबरमध्ये एवढा शहाणा कसा झाला, असं विचारणाऱ्यालाही नको. दोन्ही निकाल तुम्ही आधीच सांगितले होते, एवढं नमूद करा. एक्झिट पोलवाल्यांपेक्षा तुमची अवस्था बरी, तुम्हाला निदान टीव्हीवर रडावं लागलं नाही.

लाडकी बहीण हा विषय कौटुंबिक सदरात घ्यावा की राष्ट्रीय, याबद्दल मतभेद आहेत. दीड हजारांवर ‘आमच्या टॅक्सचा पैसा’ असा एक घणाघाती परिच्छेद हवाच. तो लिहिताना सासूबाईंचा अर्ज भरायला सेतू केंद्रावर रांगेत कोण उभं होतं, ते आठवू नका.

3 ऑक्टोबरला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. ऊर भरून येऊ द्या. ते ज्या परिच्छेदात असेल त्याच परिच्छेदात चिरंजीवांना इंटरनॅशनल स्कूलमध्ये प्रवेश मिळाल्याची बातमी नको, मधे नेमबाज स्वप्नील कुसाळेचं पॅरिस ऑलिंपिकमधलं ब्राँझ घाला. कोल्हापूरचा आहे, कुठेही शोभतो.

आता काय गाळायचं ते. बोटाची शाई दाखवणारा तुमचा फोटो 13 मेचा आहे, कारण त्या दिवशी पुण्यात मतदान होतं. फोटो छान आहे, ठेवा. त्याच संध्याकाळी घाटकोपरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळलं आणि 17 माणसं गेली, हे ठेवू नका. 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना ते 120 बाय 120 चं कसं उभं राहिलं, हा प्रश्न आढाव्याचा सूर बिघडवतो. मालवणचंही तसंच. डिसेंबरमध्ये उभारलेला महाराजांचा पुतळा ऑगस्टमध्ये पडला तो ताशी 45 किलोमीटरच्या वाऱ्यामुळे, असं सांगितलं गेलं. तुमची कर्जमुक्त स्कूटर रिकाम्या रस्त्यावर त्याहून जोरात जाते आणि अजून शाबूत आहे, पण असली तुलना राजकारण ठरते.

लांबीचं विचाराल तर 300 शब्द पुरेत. रात्री दारू पिऊन पोर्शे चालवत दोन जीव घेतल्याचा आरोप असलेल्या मुलाचं मे महिन्यात पुण्यात तेवढ्याच शब्दांच्या निबंधावर भागणार होतं. लोक खवळले म्हणून बेत फिसकटला. तुम्ही तर कोणाला ठोकलेलंही नाही.

श्रद्धांजली हा आढाव्याचा कणा. रतन टाटा गेले तेव्हा तुमचा-त्यांचा संबंध मिठाच्या पिशवीपुरता होता हे कबूल, पण मीठ रोज लागतं. उस्ताद झाकीर हुसेन यांना तुम्ही प्रत्यक्ष ऐकलं होतं, असं खुशाल लिहा. पुण्यातला प्रत्येक माणूस त्यांच्या मैफलीला पहिल्या रांगेत बसला होता. रांग फार लांब असणार.

ज्यांनी उत्साहाच्या भरात 25 तारखेलाच आढावा लिहून ठेवला त्यांची पंचाईत झाली. 26 ला रात्री डॉ. मनमोहन सिंग गेले. दहा वर्षं ज्यांना ‘मौनी’ म्हणून हिणवलं त्यांच्यावर आता विद्वत्ता, सचोटी आणि 1991 असं सगळं बसवून नवीन परिच्छेद लिहावा लागणार. जुन्या फॉरवर्डचे पुरावे आधी डिलीट करा. राष्ट्रीय दुखवटा 1 जानेवारीपर्यंत होता आणि तुमचं गोव्याचं बुकिंग 30 पासून. त्यामुळे श्रद्धांजली वर घ्या, बागा बीचचे फोटो खाली, आणि मधे एक ओळ मोकळी सोडा.