फक्त दोन हजार जास्त

घरात काँप्युटर घ्यायचा आहे असं चारचौघांत बोललं, की पहिला प्रश्न येतो, "त्याच्यावर काम काय करणार?" प्रश्न रास्त आहे. पंचाईत उत्तराची आहे. मी डोंबिवलीतल्या चोवीस फ्लॅटच्या एका सोसायटीचा सेक्रेटरी. मेंटेनन्सचा तक्ता, सभेची नोटीस, टाकी धुतल्याचं व्हाउचर आणि रात्री झोप येईपर्यंत पत्त्यांचा डाव, एवढंच माझं काम. हे खरं उत्तर दिलं की समोरचा आधी दयेने बघतो आणि मग स्वतःच माझं काम वाढवून घेतो. "आज नोटीस टाइप करताय, उद्या व्हिडिओ एडिटिंग करावंसं वाटलं तर?" तसं वाटलं तर मी आडवा होईन आणि ते वाटणं जाईपर्यंत उठणार नाही. पण सल्ला देणाऱ्याला असं बोलता येत नाही. तो एव्हाना आय-थ्री प्रोसेसरवरून, म्हणजे मशीनच्या मेंदूवरून, त्याहून महागड्या आय-फाइव्हवर पोचलेला असतो. "आता घेताच आहात, तर दोन हजार जास्त टाका की."

जुना काँप्युटर गेला त्याची हकीकत थोडक्यात. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चं दाणापाणी तोडलं, म्हणजे नेहमीचे अपडेट थांबवले. विंडोज ११ घालावं, तर त्याला इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो, शिवाय टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. आमचा तिसऱ्या पिढीचा. पुण्याचा भाचा म्हणाला, "मामा, विंडोजच्या जागी फुकटातलं लिनक्स टाकू, अजून पाच वर्षं पळेल." मी तयारही होतो. पण ऐन दिवाळीच्या साफसफाईत एसएमपीएसने, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याने, धूर सोडला आणि जाताना मदरबोर्डलाही सोबत नेलं.

सौ.ने नव्यासाठी तीस हजार मंजूर केले, 'यूपीएससकट' असा शेरा मारून. तिचं मत लॅपटॉपला होतं. "अहो, पाहुणे आले की मिटून कपाटात तरी टाकता येतो." माझं म्हणणं, तेवढ्याच ताकदीचा लॅपटॉप महाग पडतो आणि बऱ्याच लॅपटॉपमध्ये रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, बोर्डालाच चिकटवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. हे बोलायचं कारण झालं. खरं कारण म्हणजे लॅपटॉप उचलून नेता येतो. तो एकदा चिरंजीवांच्या खोलीत गेला, की सोसायटीचा तक्ता मला पुन्हा हातानेच काढावा लागला असता.

मेहुण्याने एक जाहिरात पाठवली. 'आय-सेव्हन, सोळा जीबी रॅम, एक टीबी, फक्त चौदा हजार, कॉर्पोरेट युज्ड.' खाली अंगठा दाखवला होता. ते भाच्याला दाखवलं, तर तो म्हणाला, "मामा, सेव्हनच्या पुढचा आकडा वाच." पुढे ४७७० होतं. म्हणजे चौथी पिढी, २०१३ सालचा माल. आय-सेव्हन हे नुसतं आडनाव झालं, वय त्या पुढच्या आकड्यात असतं. १२१०० असेल तर पिढी बारावी. चौदा हजारांत मिळणाऱ्या या सोळा जीबीवाल्यालाही विंडोज ११ दारात उभं करणार नव्हतं. मेहुण्याला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "पण आय-सेव्हन आहे ना?" पुढे मी वाद घातला नाही, बायकोचा भाऊ आहे.

चिरंजीवांचं मागणं वेगळं. त्याला 'कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी' ग्राफिक्स कार्ड हवं होतं. प्रोजेक्ट कसला, तर त्यात बंदुका असतात आणि रात्री दीड वाजता एका हैदराबादच्या मुलाला हिंदीत शिव्या द्याव्या लागतात. त्याची शाखा आहे वाणिज्य. कार्ड मी नामंजूर केलं. त्यावर तो फार समजूतदारपणे म्हणाला, "ठीक आहे बाबा. पण एसएमपीएस तरी जरा मोठा घेऊ. दोन हजारपण नाही, सातशेच जास्त." मोठा एसएमपीएस कशाला लागतो हे मला कळतं. पण पायाच तर भरतोय, मजला नंतर बघू, असं म्हणून मी सही दिली. सोसायटीतही आम्ही असेच फसतो.

खरेदीला मुंबईतला काँप्युटरचा बाजार गाठायचा, म्हणजे लॅमिंग्टन रोड. त्याचं सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. ते नाव घेऊन मुंबईत काँप्युटर विचारायला गेलात तर कुणीही तुम्हाला दवाखान्याचा पत्ता देईल. रविवारी तिथे शटर खाली, म्हणजे नोकरदार माणसाला अर्धी रजा आलीच. दादरला पूल चढून स्लो लोकलने ग्रँट रोड, तिथून पायी. दोन्ही बाजूंना दुकानं इतकी दाटीने, की एकात भाव विचारला तर उत्तर शेजारच्यातून येतं. दुकानदाराने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "काम काय करणार साहेब?"

मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "ऑफिसचं काम." यावर मात्र तो खूश झाला.

मग त्याने कोटेशन काढलं आणि माझ्या पायाखालची फरशी सरकली. ऑक्टोबरात हेच सगळं मी फोनवर विचारलं होतं तेव्हा एकोणतीस हजारांत बसत होतं. आता एकट्या रॅमचा भाव दुपटीच्या वर. "एआय, साहेब," तो आकाशाकडे बोट करून म्हणाला. प्रकार असा, की जगात रॅमच्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी त्यांच्या दारात पोत्याने पैसे ओतले, तेव्हा त्यांनी कारखाने तिकडच्या मालाला लावले. कुठे तरी अमेरिकेत एखादं यंत्र कविता करतंय, आणि त्याची वर्गणी डोंबिवलीतल्या मेंटेनन्सच्या तक्त्याकडून वसूल होतेय. सोळा जीबी घ्यायचं ठरलं होतं, आठवर आलो. बोर्डावर एक खाच रिकामी ठेवली, भाव उतरले की भरायला.

"मग प्रोसेसरमध्ये वाचवू," दुकानदार म्हणाला. "१२१००च्या जागी १२१००एफ टाका. मशीन तेच, स्वस्त पडतं." मी मान डोलावणार, तेवढ्यात चिरंजीव ओरडला, "बाबा, एफमध्ये ग्राफिक्स नसतं! स्क्रीनच लागणार नाही!" तो खरं बोलत होता. शेवटी एफ आला, की चिपमधलं आतलं ग्राफिक्स बंद असतं. म्हणजे प्रोसेसरवर वाचवायचं आणि वेगळं कार्ड घ्यायचं. दुकानदार थंडपणे म्हणाला, "हो, मग एक छोटं कार्ड टाकायचं." तेव्हा चिरंजीवाच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी नीट पाहिलं. आपण बापाला वाचवलं आणि स्वतः बुडालो, हे त्याला तिथल्या तिथे कळलं. साध्या १२१००वर शिक्का मारला.

"बिल?" मी विचारलं.

"पाहिजे का?" त्याने विचारलं. जणू मी चहात केशर मागितलं. बिल म्हणजे अठरा टक्के जीएसटी आला, आणि बिल नाही म्हणजे तीन वर्षांची वॉरंटी तोंडी. मी सेक्रेटरी माणूस, व्हाउचरशिवाय झाडूवाल्याला झाडू देत नाही. बिल घेतलं. पुढचा प्रश्न आणखी नाजूक होता. "विंडोज ओरिजनल टाकू, की आपलं नेहमीचं?" ओरिजनलने बजेटचा मोठा लचका तोडला असता आणि नेहमीचं, म्हणजे चोरीचं, घेण्यात काय काय फुकट येतं ते मी ऐकून आहे. भाच्याला फोन लावला. आता आमच्याकडे लिनक्स मिंट आहे, त्यातल्या लिब्रेऑफिस नावाच्या ऑफिसच्या प्रोग्राममध्ये मेंटेनन्सची बेरीज पैशापर्यंत बरोबर येते, आणि पत्तेही आहेत.

राहिलं कॅबिनेट. मला साधं, काळं, बँकेत असतं तसं हवं होतं. ते मागवावं लागेल आणि महाग पडेल, असं कळलं. स्वस्तात आता मिळतात ती सगळी काचेची, आत लाल-निळे-हिरवे फिरते दिवे. "दिवे बंद कसे करायचे?" तर पंख्यांची वायर थेट एसएमपीएसला. मशीन चालू तर दिवाळी चालू. गरिबाने अंधारात बसायची सोयच बाजाराने ठेवलेली नाही.

यूपीएस धरून आकडा बत्तीस हजारांच्या किंचित वर गेला. दोन हजारच जास्त.

परतीला टॅक्सीने भायखळा गाठलं आणि लगेजच्या डब्यात चढलो. गर्दीत मॉनिटरचा खोका मी उराशी धरून उभा होतो, तर एक कोळीणबाई म्हणाली, "ठेव रं दादा माझ्या पाटीवर, रिकामीच हाय." एवढ्या मायेने मला लॅमिंग्टन रोडवर कुणी बोललं नव्हतं. ठेवला. ठाण्यापर्यंत तो पाटीवर सुखात होता.

घरी मेहुणा तपासणीला हजर. त्याने एसएसडी, म्हणजे फायली साठवायची डिस्क, स्क्रीनवर उघडून पाहिली आणि टाळी वाजवली. "५१२ म्हणाला होता ना? इथे बघा, ४७६ काहीतरी. छत्तीस जीबी खाल्लं त्याने!" कंपनी हजाराने मोजते आणि काँप्युटरातले काही प्रोग्राम १०२४ने, माल तेवढाच असतो, हे मी समजावलं. भाच्याने फोनवरून समजावलं. मेहुण्याने 'मापात पाप' एवढाच निकाल दिला आणि तो पोहे खायला बसला.

मॉनिटरचा खोका मात्र टाकता येईना. वॉरंटीला लागला तर? आमच्या घरात मिक्सरचा खोका मिक्सरपेक्षा जास्त जगला आहे. माळ्यावर जागा नव्हती म्हणून तो हॉलमध्ये पडद्यामागे उभा केला. शेजारी टेबलावर काचेचं मशीन, त्यात दिवे फिरताहेत. संक्रांतीचं हळदीकुंकू आलं. मी ऐनवेळी बंद करायला गेलो, तर सौ. म्हणाली, "राहू दे, शोभा येते."

बिल्डिंगमधल्या बायका आल्या. वाण घेता घेता तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी काचेजवळ गेल्या, वाकून आत बघितलं, मग नाकाला पदर लावला.

"अय्या, फिश टँक घेतलात! तरीच म्हटलं मघापासून वास कसला येतोय. पण मासे कुठेत?"

सौ.ने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. म्हणाली, "बजेटमध्ये नाही हो बसले."