फिजीतला पेपर आणि बाहेरचा पैसा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

फिजीतल्या पेपरांना बाहेरून पैशाची मदत द्यावी, या माझ्या म्हणण्यावर तुमचे आक्षेप दोन. नऊ लाख वस्तीच्या फिजीत लोक पेपरला पैसे मोजत नसतील तर तो बंद पडू दे, हा पहिला. बाहेरच्यांनी पैसे पाठवणं ही लुडबुड, हा दुसरा. दुसरा बराचसा पटतो, पहिला अजिबात नाही.

नुसत्या अंकाच्या किमतीवर पेपर सहसा चालत नाही, आपल्याकडेही नाही. तो चालतो जाहिरातींवर, आणि छोट्या बेटावर सर्वांत बडा जाहिरातदार म्हणजे सरकार: निविदा, नोकरभरती, खात्यांच्या नोटिसा. तेव्हाचे पंतप्रधान बैनिमारामा यांच्या सरकारने ‘फिजी टाइम्स’ला या जाहिराती देणं बंद करून त्या प्रतिस्पर्धी ‘फिजी सन’कडे वळवल्या. 1869 पासून निघणाऱ्या ‘फिजी टाइम्स’चा वाचक जागच्या जागी होता, आटली ती तिजोरी. याला वाचकांचा कौल कसा म्हणायचं? त्यात 2010 चा माध्यम वटहुकूम: संस्थेला एक लाख फिजी डॉलरपर्यंत दंड, संपादकाला पंचवीस हजार, वर दोन वर्षांपर्यंत कैद. मानगुटीवर असे आकडे असले की बातमी आधी वकिलाकडे जाते आणि परत येईतो शिळी होते. तो कायदा रद्द व्हायला एप्रिल 2023 उजाडला.

आता लुडबुडीचं. तुमच्या बाजूचा दाखला मीच देतो. सोलोमन बेटांवरच्या ‘सोलोमन स्टार’ने छपाईयंत्रासाठी चिनी दूतावासाकडे पैसे मागितले आणि चीनच्या औदार्याची ‘खरी’ बाजू मांडू, असं अर्जातच लिहून दिलं. 2023 मध्ये ते बाहेर आलं. म्हणून पैसा कशासाठी आणि कुठल्या अटीवर, हे आधी ठरवायचं.

पत्रकारांना शिकवायला हॉटेलात भरवलेल्या कार्यशाळांना एक छदामही देऊ नये, असं माझं मत. चार जणांच्या कचेरीतले दोघे तीन दिवस तिकडे बसले तर कोर्टाची बातमी कोण आणणार? पैसे द्यावेत ते वकिलाच्या फीला, यंत्राच्या सुट्या भागांना आणि बोटीच्या भाड्याला. दूरच्या बेटावर आठवड्याला एकच बोट जात असेल, तर एका बातमीचा हिशोब सात दिवसांच्या पगाराचा आणि मुक्कामाचा धरावा लागतो. मदतीच्या अर्जात नेमका तोच एका दिवसाचा धरलेला असतो, मग वार्ताहर जातच नाही आणि बातमी फोनवरून, मंत्र्याच्या सचिवाला विचारून होते.

मुदत किमान दोन वर्षांची हवी. सहा महिन्यांच्या पैशात नेमलेला मुलगा हाताशी येतो न येतो तोच जास्त पगारावर एखाद्या खात्याचा जनसंपर्क सांभाळायला निघून जातो. करारात दोन ओळी हव्यातच: देणाऱ्याचं नाव आणि रक्कम छापली जाईल, छापण्याआधी मजकूर त्याला दाखवला जाणार नाही. दुसऱ्या ओळीवर जो कुरकुरतो, त्याचे पैसे परत करावेत.

इथून देणगी पाठवणार असाल तर तिच्यावर आयकरात सवलत मिळत नाही, हेही धरून चाला.