बुढ्यांची लव्ह स्टोरी छापून आणायची असेल तर

तर मंडळी, वृद्धाश्रमातल्या दोन बायकांची विनोदी प्रेमकथा लिहायची हौस आली असेल आणि ती आपल्या इकडच्या दिवाळी अंकात यावी असंही वाटत असेल, तर खालच्या सूचना गुमान वाचा. मला मागच्या आठवड्यात फोनवर फुकटात मिळाल्या. संपादक कोण ते नाही सांगत, तालुका लहान आहे.

सगळ्यात आधी दोघींना नातं द्या. "ताई, कथा तं मस्तच हाय, पोट दुखेपर्यंत हासलो, पण त्या दोघी जावा-जावा नाही का करता येनार?" येतील ना, काहून नाही येणार! माझ्या कथेत एक रिटायर नर्सबाई आहे आणि एक कोतवालीणबाई. नर्सबाईनं जन्मभर उपकेंद्रात तंबाखू सोडा म्हणून भाषणं दिली, आणि आता कोतवालीण तिच्यासाठी रोज दुपारी पन्नीत खर्रा घोटते, तंबाखू नावालाच, चुना त्याहून कमी, कारण हिच्या गालाला फोड येतात. मे महिन्यात हॉलमध्ये कूलर एकच, त्याचं तोंड ती रात्री हळूच नर्सबाईच्या खाटेकडे फिरवते आणि सकाळी बाकीच्या बुढ्या बोंबलतात. आता सांगा, जावा असं करतात? माझ्या ओळखीच्या जावा कूलरमध्ये पाणी कोणी टाकायचं यावरून दिवाळीपर्यंत बोलत नाहीत.

वय साठच्या खाली आणा. मग वृद्धाश्रमात घेत नाहीत, पण तो तुमचा प्रश्न.

मुलगा पुण्याहून आला पाहिजे. नागपूरहून आला तर वाचक रडत नाही.

एकीला मारा. १९८१ साली तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं, त्यातल्या बाईवर प्रेम करणाऱ्या मित्रा नावाच्या पोरीनं शेवटी जीव दिला, तेव्हापासून आपल्याकडे हाच नियम असल्यासारखं चाललंय. माझ्या दोघी शेवटच्या पानावर रोडगे खाऊन ढेकर देतात, हे फारच बेजबाबदार झालं म्हणे.

आणि हो, कायदा बघा. "कायद्याचं पाहा लागते ताई." पाहिलं की साहेब! ६ सप्टेंबर २०१८ लाच सुप्रीम कोर्टानं सांगितलं की सज्ञान माणसांचं राजीखुशीचं प्रेम गुन्हा नाही. २०२३ मध्ये लग्नाला मान्यता नाही दिली, बरोबर, पण माझ्या बुढ्यांना लग्न करायचंय कुठं? एक करून पाहिलं ना दोघींनी! त्यांना कागद लागतो तो फक्त हयातीचा दाखला, नर्सबाईला पेन्शनसाठी आणि कोतवालीणबाईला सरकारच्या श्रावणबाळ योजनेच्या १५०० रुपयांसाठी.

मग अडलं कुठं? विषय सेन्सिटिव्ह आहे म्हणे. आणि त्याच अंकात दरवर्षी ते हास्यचित्र येतं, आजोबा नर्सकडून बीपी मोजून घेतात, डोळे भलतीकडे, बाजूला आजी लाटणं घेऊन. ते चालतं, तो निखळ विनोद, अंक घरातल्या पोट्ट्यांच्या हातातही देता. आजोबांचा देठ हिरवा तर टाळ्या, आणि बुढीनं बुढीसाठी कूलर फिरवला की समाजाचं कसं होईल!

काय ढोंग आहे हो हे. दोन एकट्या बाया एका खोलीत, एका चुलीवर वर्षानुवर्षं राहतात हे तुमच्याच गावात सगळ्यांना माहीत असतं, तेरवीच्या पंगतीत तुम्हीच त्यांना शेजारी-शेजारी बसवता, एकीला ताप आला की दुसरीलाच विचारता. आणि कागदावर आलं की लगेच घाम. स्वतःला भ्या वाटते तर वाटते म्हणा, 'वाचकांची मानसिकता' म्हणून आमच्या नावावर कशाला खपवता? माझी माय वाचकच आहे, बाराखडी म्हातारपणी शिकली, तिनं कथा वाचून एवढंच विचारलं की ह्या आश्रमवाल्यांना दुसरा कूलर घ्यायला काय धाड भरली.

मी जावा-बिवा काही करणार नाही, कोणाला मारणारही नाही. छापायची तर आहे तशी छापा, नाहीतर नाही म्हणून मोकळे व्हा. 'पुढच्या वर्षी बघू' म्हणून लटकवून ठेवू नका.